चार ट्रंका, सोळा एक्स्टेन्शनं

बी.कॉम. झालेल्या माणसाला सगळं येतं, असा बँकेत एक जुना समज आहे. डॉक्टरला कोणी पूल बांधायला सांगत नाही, इंजिनिअरला कोणी दाढ काढायला सांगत नाही. पण वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जनरेटरचं डिझेल, गणपतीची वर्गणी, झेरॉक्स मशिनात अडकलेला कागद आणि शेजारच्या दुकानदाराशी पार्किंगवरून झालेला तंटा, यांतलं काहीही सांगता येतं. नावे-जमेची दोन टोकं जुळवणारा माणूस कुठलीही दोन टोकं जुळवील, असं वरच्यांना वाटत असावं. त्यामुळे २०२३ साली आमच्या शाखेत टेलिफोनची नवी यंत्रणा आली आणि "शाखेने आपल्या स्तरावर एक जबाबदार कर्मचारी नियुक्त करावा" असं विभागीय कार्यालयाचं पत्र आलं, तेव्हा साऱ्या शाखेची नजर माझ्याकडे वळली. बँकेत जबाबदार कर्मचारी म्हणजे त्या दिवशी जो रजेवर नाही तो.

यंत्राचं नाव ईपीएबीएक्स. म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रायव्हेट ऑटोमॅटिक ब्रांच एक्स्चेंज. यातला 'ब्रांच' हा एकच शब्द आमच्या ओळखीचा, आणि त्याचाही बँकेच्या ब्रांचशी काही संबंध नाही असं पुढं कळलं. दिसायला म्हणाल तर रुखवतातल्या लाडवांच्या डब्याएवढी पेटी. भिंतीवर टांगायची. बाहेरून टेलिफोन कंपनीच्या चार लाइनी तिच्यात शिरतात आणि आतून सोळा टेबलांकडे सोळा वायरी निघतात. बाहेरच्या लाइनींना म्हणायचं ट्रंक, टेबलावरच्या फोनांना म्हणायचं एक्स्टेन्शन.

"मामा, उद्या चार ट्रंका येतायत हं," एवढंच मी आदल्या संध्याकाळी दफ्तरीमामांच्या कानावर घातलं होतं. सकाळी येऊन बघतो तो मामांनी रेकॉर्डरूममधली जुनी व्हाउचरं भिंतीकडेला सारून, जमीन झाडून, डांबराच्या गोळ्या टाकून चार ट्रंकांची जागा करून ठेवलेली! वर मलाच विचारतात, "कुलपं संगट येणार का आपण आणायची?"

मामांचं तरी काय चुकलं? जुन्या माणसांना ट्रंका दोनच ठाऊक. एक पलंगाखालची आणि दुसरी पोस्टातली. पोस्टातल्या ट्रंककॉलच्या गोष्टी आमचे वडील फार रंगवून सांगत. नंबर नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचं. त्यातही ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा तीन जाती. ऑर्डिनरी कॉल लागेपर्यंत ज्या कामासाठी तो लावला ते काम पुष्कळदा आपोआप होऊन जाई. आणि घरी ट्रंककॉल आला म्हटलं, की पलीकडचा माणूस काय बोलतोय हे कळायच्या आत बायका डोळ्यांना पदर लावत. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यात देशातली पहिली एसटीडी सुरू झाली आणि पुढं हळूहळू ती बाकावरची बैठक मोडली. ट्रंक हा शब्द मात्र राहिला. दोन एक्स्चेंजांना जोडणारी वाट ती ट्रंक. मग ती कानपूरहून लखनौला जाणारी असो, नाही तर चौकातल्या खांबावरून आमच्या भिंतीवरच्या पेटीत शिरणारी असो.

आता कोणाही सुज्ञ माणसाला प्रश्न पडेल, की माणसं सोळा आणि लाइनी चार, हा व्यवहार कसा? आमच्या कॅशियरनं तो पहिल्याच दिवशी विचारला. मी म्हटलं, "तुमच्या तिजोरीत जेवढी रोकड आहे तेवढ्याच ठेवी आहेत का आपल्या शाखेच्या?" तो एकदम गप्प झाला आणि इकडेतिकडे बघायला लागला. बँकेतल्या माणसाला हे सत्य माहीत असतं. फक्त मोठ्यानं बोलायचं नसतं. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत, या एका विश्वासावर बँक चालते. सगळे लोक एकाच मिनिटाला फोन करत नाहीत, या विश्वासावर टेलिफोन चालतो.

हा विश्वास किती ठेवावा, याचं गणित एर्लांग नावाच्या डेन्मार्कच्या गणितज्ञानं मांडलं. हा गृहस्थ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. १९०९ साली त्यानं पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली त्याचं प्रसिद्ध सूत्र आलं. त्याच्या नावानं फोनची गर्दी मोजायचं मापच रूढ झालं. आमच्या शाखेपुरतं बोलायचं, तर अकरा ते बारा या तासात चाळीस फोन येतात आणि प्रत्येक जण तीन मिनिटं बोलतो असं धरा. चाळीस त्रिक एकशेवीस मिनिटं, म्हणजे दोन तास. एका तासात दोन तासांचं बोलणं, म्हणजे दोन एर्लांग. इथं कॉमर्सचा माणूस सरासरी काढतो आणि म्हणतो, दोन लाइनी पुरे! एर्लांग म्हणतो, थांबा. दोन लाइनी ठेवल्यात तर शंभरातले चाळीस लोक एंगेज टोन ऐकून परत जातील. चार ठेवल्यात तर साडेनऊ. सहा ठेवल्यात तर एखाद-दुसरा. कारण माणसं सरासरीनं फोन करत नाहीत, झुंडीनं करतात. पासबुक भरायलाही तशीच येतात.

विभागीय कार्यालयानं चार मंजूर केल्या. साडेनऊ लोकांची नाराजी त्यांना परवडण्यासारखी वाटली असावी.

पासबुकावर छापलेला नंबर एकच. पहिली लाइन गुंतलेली असली, की फोन दुसरीवर, मग तिसरीवर असा उडी मारत जातो. याला हंटिंग म्हणतात. आत आल्यावरही तेच. आधी कुणाच्या टेबलावर वाजायचं, तिथं नाही उचलला तर कुणाच्या, अशी एक यादी पेटीला शिकवावी लागते. मी साधेपणानं ज्येष्ठतेची यादी घेतली आणि शाखेत भूकंप झाला. बढतीच्या यादीत पहिला नंबर लागावा म्हणून कामगार आयुक्तांपर्यंत जाणारी माणसं मला चहाला बाहेर नेऊन सांगू लागली, "आम्हाला शेवटी टाका हो." ठेव खात्यातल्या बाई म्हणाल्या, "माझ्या टेबलाशी रेंज नसते." आता वायरच्या फोनला कसली आलीय रेंज? पण बँकेत बाईंशी वाद घालायचा नसतो.

खरा अनर्थ पुढंच होता. त्याचं नाव कॉल फॉरवर्डिंग. आपला फोन दुसऱ्याच्या टेबलावर वळवायची सोय. ती तीन प्रकारांनी करता येते. सदासर्वदा वळवणे, आपण बोलत असताना वळवणे आणि काही घंटा होऊनही उचलला नाही तर वळवणे. तिसरा प्रकार गृहस्थाश्रमी आहे, दुसरा व्यवहारी आहे आणि पहिला म्हणजे शुद्ध संन्यास. कुठले आकडे दाबले की फोन वळतो, हे तंत्रज्ञानं सगळ्यांना शिकवलं, आणि अर्ध्या तासात अख्ख्या शाखेनं संन्यास घेतला. कर्ज खात्यानं फोन ठेव खात्याकडे वळवला, ठेव खात्यानं अकाउंटंटकडे आणि अकाउंटंटनं कर्ज खात्याकडे. आमची पेटी शहाणी. ती फोनला तीन फेऱ्या मारू देते आणि मग सोडून देते. गिऱ्हाइकाला तोवर सतारीचे चार सूर ऐकायला मिळतात.

फोन दुसरीकडे वळण्याचं दुखणं आजकालचं नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीत स्ट्रॉजर नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा एक व्यावसायिक होता. सांगतात, की एक्स्चेंजमधली ऑपरेटर त्याच्याकडे येणारे फोन त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देई. माणसं मरत होती तरी धंदा होईना! चिडून त्यानं ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंजच शोधून काढलं. १८९१ साली पेटंट मिळालं आणि १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी ते सुरूही झालं. एका वळवलेल्या फोनपायी माणसानं ऑपरेटर नावाची जमात मोडीत काढली. आणि शेवटी झालं काय, तर आपला फोन आपणच वळवायची सोय प्रत्येकाच्या हातात आली.

आमच्या साहेबांनी तर फोन थेट मोबाइलवर वळवला. कर्ज अधिकाऱ्यांनी साहेबांचा कित्ता गिरवला. यातली मेख अशी, की बाहेरून आलेला फोन पुन्हा बाहेर पाठवायचा, तर एक लाइन येण्यात अडकते आणि दुसरी जाण्यात. एका फोनाला दोन ट्रंका. साहेब वसुलीच्या बैठकीला आणि कर्ज अधिकारी शेतावर तारण बघायला, अशा एका दुपारी दोन फोन बाहेर गेले आणि शाखेच्या चारही लाइनी बंद. शाखेत चौदा माणसं चौदा मुक्या फोनांसमोर बसलेली. गावात बोलबाला झाला, की बँकेला कुलूप लागलं. दोन-चार जण खरोखरच बघून गेले.

त्या संध्याकाळी मी तंत्रज्ञाला बसवून घेतला. बाहेर वळवायची सोय एकट्या साहेबांना ठेवली, तीही शाखा बंद झाल्यावरची. आत 'सदासर्वदा' बंद केलं. आणि यादीच्या शेवटी, कुठंच कुणी नाही उचलला तर पाच घंटांनी वाजेल असा, मामांच्या स्टुलाशेजारचा फोन टाकला. अकाउंटंट म्हणाले, "दफ्तरी काय उत्तर देणार?" मी म्हटलं, "उचलेल तरी."

ही गोष्ट २०२३च्या डिसेंबरातली. पुढच्याच आठवड्यात, पेन्शनच्या दिवशी, काउंटरपुढं मारुतीच्या जत्रेसारखी गर्दी असताना मामांचा फोन वाजला. पलीकडे गावातल्या एक निवृत्त शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं. बाईंच्या एका हातात घरचा जुना फोन आणि दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर कोणी 'कुरिअरवाला' म्हणत होता, की तुमचं पार्सल अडकलंय, तारा दाबा, मग चारशे एक, मग पुन्हा तारा आणि आम्ही सांगतो तो दहा आकडी नंबर. बाईंचा आयुष्यभराचा नेम, की बँकेला विचारल्याशिवाय सही नाही.

मामांना चारशे एक म्हणजे काय ते कुठलं माहीत? पण गेला आठवडाभर माझ्या तोंडून 'वळवणे' हा शब्द त्यांनी इतका ऐकला होता, की ते एवढंच म्हणाले, "बाई, आकडे दाबून फोन वळतो. काय बी दाबू नका. मोबाइल ठिवा खाली. मी आलो." आणि काउंटर, गर्दी, सगळं सोडून सायकलीवर गेले. चौथीत बाईंच्या हातची छडी खाल्लेला माणूस. त्यांना फोनवर आज्ञा करायची संधी साठ वर्षांत पहिल्यांदा मिळाली होती.

ते आकडे दाबले असते, तर बाईंना येणारे सगळे फोन त्या चोराकडे वळले असते. एसएमएस वळत नाही, पण ओटीपी फोनवर बोलून सांगायचीही सोय असते, आणि ती त्याच्याच कानात बोलली असती. बाईंच्या खात्यात किती होते ते सांगत नाही. बँकेचा माणूस आहे. पण पस्तीस वर्षं शाळेत घालवून साठवलेले होते. पुढं दूरसंचार विभागानं असे प्रकार पाहून आकडे दाबून फोन वळवण्याची ही सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला कंपन्यांना सांगितलं. म्हणजे बाईंच्या चार महिन्यांनंतर.

मी रात्री वहीत हिशेब मांडून पाहिला. हाच फोन आठवडाभर आधी आला असता, तर कर्ज, ठेव, अकाउंटंट अशा तीन फेऱ्या मारून सतार ऐकवून तुटला असता. आणि दुसऱ्या हातातला माणूस मात्र अजिबात न तुटता, गोड आवाजात, बोलत राहिला असता. चोरांकडे फोन नेहमी पहिल्या घंटेला उचलतात. मी वही मिटली आणि मामांच्या फोनची वायर सकाळी जरा पक्की करून घेतली.

बाईंनी शाखेला एक पत्र लिहिलं, ठसठशीत अक्षरात, दफ्तरींचं कौतुक करणारं. साहेबांनी ते अभिमानानं विभागीय कार्यालयाला पाठवलं. तिकडून उत्तर आलं, की दफ्तरीच्या स्टुलाशेजारी एक्स्टेन्शन देण्यास मंजुरी कोणी दिली, याचा खुलासा सात दिवसांत करावा. साहेबांनी पत्रावर 'कृपया पाहावे' लिहून ते अकाउंटंटकडे पाठवलं. अकाउंटंटनी कर्ज खात्याकडे, कर्ज खात्यानं ठेव खात्याकडे, ठेव खात्यातल्या बाईंनी पुन्हा साहेबांकडे.

पत्र अजून फिरतंय. कागदाला तीन फेऱ्यांची मर्यादा नसते.