बोट कधी उचलावं

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये ज्याचे गोल होत नाहीत, त्याचं दाबायचं बहुतेक ठीक असतं; सोडायचं चुकतं. पाचोऱ्यात भडगाव रोडच्या बाजूला एका गेम पार्लरमध्ये मी पोरांबरोबर खेळतो, आणि त्यांचं खेळणं बघून माझं हे मत पक्कं होत गेलं आहे. बटणं पोरं पटकन शिकतात. सर्कल म्हणजे शॉट, क्रॉस म्हणजे पास, त्रिकोण म्हणजे थ्रू, चौकोन म्हणजे उंच पास, आणि आर-टू धरून ठेवलं की पळ. आठवडाभरात रिमोटवर हात बसतो. यातलं कुठलं बटण कधी सोडायचं, हे मात्र भल्याभल्यांना उमगत नाही.

आमच्या पिढीला फुटबॉल भेटला तो मैदानावर नाही, पडद्यावर. मैदानावर क्रिकेट होतं, कबड्डी होती, गावच्या यात्रेत कुस्ती होती. मग सायबर कॅफे आले आणि 2006-07च्या सुमाराला त्यांच्या कॉम्प्युटरवर ‘फिफा 07’ आणि ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर 6’ आले. खऱ्या चेंडूला कधी पाय न लावलेल्या पोरांना ऑफसाइड समजला तो तिथे. खेळायचं की-बोर्डवर. बाणाच्या चार कळा, म्हणजे दिशा फक्त आठ. गोलचा कोपरा त्या आठ दिशांच्या मध्ये कुठेतरी असायचा, त्यामुळे नेम धरायची सोयच नव्हती. उरला तो जोर. म्हणून जो तो इंटर मिलान घ्यायचा, कारण त्यात आद्रियानो होता आणि त्याच्या शॉटच्या ताकदीचा आकडा 99 होता. चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आणायचा आणि कळ दाबून धरायची, बस्स. पुढे रिमोट आले, त्यावरची काडी हवी त्या दिशेला वळायला लागली, पण कळ दाबून धरायची ती सवय काकांकडून पुतण्यांकडे जशीच्या तशी गेली.

पहिलं बोट उचलायचं ते पळायच्या बटणावरून. आर-टू धरलेलं असताना खेळाडू चेंडू पुढे ढकलत धावतो. चेंडू पायापासून दोन-तीन हात लांब जातो, अंग पुढे झुकतं, तोल एका पायावर येतो. अशा वेळी शॉट मारला की गेम त्याचा हिशेब लावतो: अंग गोलकडे वळलंय का, चेंडू चांगल्या पायाखाली आहे का, मागून कोणी धक्का देतंय का. प्रत्येक ‘नाही’गणिक नेमातली चूक वाढत जाते. पेटीत, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत, शिरायच्या दोन पावलं आधी आर-टू सोडलं की खेळाडू आपोआप सरळ होतो, चेंडू पायाजवळ येतो. पोरांना भीती वाटते की तेवढ्यात मागचा गाठेल. कधी गाठतोही. पण बहुतेक वेळा पाठलाग करणारा स्वतः भरधाव असल्यामुळे पुढे निघून जातो आणि आपल्याला मोकळी जागा मिळते.

दुसरं बोट शॉटच्या बटणावरचं. ताकदीची पट्टी म्हणजे वेग, असा सर्वांचा समज असतो. पट्टीत वेग आहेच, पण उंचीही आहे. डावं-उजवं काडीनं ठरतं. वर-खाली ठरतं ते बटण किती वेळ धरलं यावर. पेनल्टीच्या ठिपक्याजवळून पट्टी भरेपर्यंत धरलं, तर चेंडू बारवरूनच जाणार. तिथे गेमनं फसवलेलं नसतं, आपणच उंची मागितलेली असते. पेटीच्या आत पट्टी अर्ध्याच्या आत राहिली पाहिजे. कीपर समोर एकटा असेल तर त्याहून कमी. कॅरमवर भोकाच्या तोंडाशी आलेली सोंगटी जोरानं मारली की कडेला आपटून परत येते, हलक्या टिचकीनं आत जाते, तसंच हे. ‘फिफा 23’मध्ये दोन्ही खांद्याची बटणं धरून मारायचा पॉवर शॉट आला, आणि पोरांना वाटलं आता सगळेच आद्रियानो झाले. तो शॉट जबरदस्त आहे, पण मारणारा आधी पाय मागे घेऊन रेंगाळतो. समोर मोकळी जागा असेल तरच तो परवडतो.

फिनेस शॉटची गोष्ट जरा वेगळी. आर-वन धरून मारलेला चेंडू वळतो, पण जोर कमी असतो. डावीकडून आत येणारा उजव्या पायाचा खेळाडू, काडी लांबच्या खांबाकडे, पट्टी अर्ध्याच्या आसपास: चेंडू कीपरच्या हाताबाहेरून फिरून आत येतो. तोच खेळाडू उजवीकडून त्याच पायानं फिनेस मारायला गेला की चेंडू कीपरच्या पोटात. कुठल्या बाजूला कोणत्या पायाचा माणूस उभा केला आहे, हे सामना सुरू व्हायच्या आधीच बघायचं असतं. खेळाडूच्या नावापुढे कमजोर पायाला एक ते पाच तारे दिलेले असतात. पोरं वेगाचा आकडा बघतात, ते तारे बघत नाहीत.

तिसरं बोट सगळ्यांत अवघड, कारण ते दाबायचंच नसतं. शॉट मारायचा सोडून पास द्यायचा असतो. हे तोंडानं सांगून पटेना, म्हणून एका सुट्टीत सकाळी ऊन चढायच्या आत पोरांना मैदानावर नेलं. टेप, फक्की आणि सुतळीचा गुंडा एवढंच सामान. दोन विटा 7.32 मीटरवर ठेवल्या. खऱ्या गोलची रुंदी तेवढी. 11 मीटरवर पेनल्टीचा ठिपका, 16.5 मीटरवर पेटीची रेघ. मग दोन्ही विटांपासून सुतळ्या आणून ठिपक्यावर एका पोराच्या हातात दिल्या. चांगली ऐसपैस बेचकी झाली, सुमारे 37 अंशांची. सुतळ्या घेऊन तो सरळ मागे 25 मीटरवर गेला तेव्हा ती 17 अंशांवर आली. मग त्याला पेटीच्या कोपऱ्यावर उभं केलं. पडद्यावर याच कोपऱ्यावरून सगळे हाणतात. तिथे दोन सुतळ्यांमध्ये जेमतेम 10 अंश उरले. मध्ये कीपर म्हणून उभं केलेलं पोर बेचकीत जसजसं पुढे सरकलं, तसतशी दोन्ही बाजूंची जागा त्याच्या हातांच्या टप्प्यात येत गेली. सुतळी धरलेला म्हणाला, “काका, इथून तं दिसतच नाही काही!” पडद्यावर कॅमेरा उंचावर असतो, सगळा गोल उघडा दिसतो. खेळाडूच्या डोळ्यांना काय दिसतं ते सुतळीनं दाखवलं.

म्हणून कोपऱ्यावर पोचल्यावर मारायचं नाही. आणखी आत, गोलरेषेजवळ जायचं आणि मागे, ठिपक्याकडे आडवा पास द्यायचा. कीपर आणि बचाव करणारे आपल्याकडे वळलेले असतात. मागून येणाऱ्यापुढे ती 37 अंशांची बेचकी उघडी असते. तो गोल दिसायला अगदीच साधा. पार्लरमध्ये त्याला ‘फुकटचा’ म्हणतात, आणि खरी अडचण इथेच आहे. मागे खुर्च्यांवर नंबर लागायची वाट बघत बसलेल्यांना लांबून मारलेला सणसणीत गोल हवा असतो. खेळाडू पेटीजवळ आला की मागून आरडाओरडा सुरू होतो: “हाणा! काका, हाणा ना! काबर थांबले?” त्या गलक्यात पास द्यायला छाती लागते. लांबून मारलेल्या दहातला एक जातो, पण सांगितला जातो तोच. वाया गेलेले कोणी मोजत नाही.

कीपर समोरून धावत आला तर मात्र हिशेब बदलतो. समोरच्यानं त्रिकोण धरला की त्याचा कीपर जागा सोडून पुढे येतो. एल-वन धरून सर्कल हलकं टेकवलं की चेंडू डोक्यावरून जातो. हा चिप जमायचा तर कीपर बाहेर निघायच्या क्षणी कळलं पाहिजे. पार्लरमध्ये शेजारी बसून खेळण्याचा फायदा तिथे आहे: समोरचा त्रिकोण जोरात दाबतो आणि त्याचा आवाज येतो. काही पोरं मला फसवायला नुसताच आवाज करतात. घरून ऑनलाइन खेळताना ही मजा नाही, तिथे पडदा वाचावा लागतो.

पडदाही नेहमी खरं सांगत नाही. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते जरा उशिरा दाखवतो. गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवत असेल, तर पाच-सहा चित्रांचा उशीर म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. 2018च्या ‘फिफा 19’पासून शॉटसाठी दुसऱ्यांदा टिचकी मारायची सोय आली. पाय चेंडूला लागताना नेमकी पडली तर हिरवी खूण आणि चेंडू कोपऱ्यात. चुकली तर लाल आणि चेंडू प्रेक्षकांत. असल्या टीव्हीवर ती टिचकी जमणं कठीण. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करावा. पैसे न घालता नेम सुधारायचा एवढा सोपा उपाय दुसरा नाही.

सरावासाठी माझा सल्ला पोरांना आवडत नाही: मोठी टीम घेऊ नका. ‘फिफा 22’मध्ये इंडियन सुपर लीग आली, तेव्हापासून मी मुंबई सिटी घेतो. पोरं रेआल माद्रिद घेऊन हसतात. पण मोठ्या खेळाडूंचे आकडेच एवढे असतात की वाकड्या तोलातून, चुकीच्या पायानं मारलेलंही आत जातं, आणि आपल्याला वाटतं आपण शिकलो. कमी आकड्यांचा खेळाडू काही झाकत नाही. पळतापळता मारलं की तो बाहेर मारतो, पट्टी जास्त भरली की आकाशात मारतो. त्याच्याकडून गोल झाला, तर तो तुमचा. आणि गोल झाला की रिप्ले कापू नका. चेंडू जाळीत जाताना बघू नका. त्याच्या आधीचे दोन सेकंद बघा. तोल कुठे होता, कीपर कुठे होता, आपण पळ कधी सोडली.

याला आता नुसता टाइमपास म्हणायचीही सोय राहिलेली नाही. 2023मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती आणि फुटबॉलच्या गेममध्ये भारताकडून चरणज्योत सिंग आणि करमन सिंग उतरले. अशा पातळीवरचे सामने बघताना माझी नजर जाते ती त्यांच्या न मारलेल्या शॉटवर. पेटीच्या तोंडाशी चेंडू तीनदा फिरतो, कोणी मारत नाही. मग एकदम दोन हातांवरून एक साधा स्पर्श. आमच्या पार्लरमध्ये त्याला कोणी टाळ्या दिल्या नसत्या.

पोरांना मी एवढंच सांगतो: गोलकीपरला हरवायच्या आधी मागच्या खुर्च्यांना हरवा. मागून “हाणा” ऐकू आलं की खुशाल समजा, बोट उचलायची वेळ झाली.