फडाच्या कडेची हाक

कोल्ह्याला हाक मारायची तर सुरुवात खालून करायची. छाती भरून श्वास घ्यायचा, दोन्ही तळव्यांचा द्रोण तोंडापुढे धरायचा आणि आवाज खर्जातून उचलत वर न्यायचा. वर पोचला की जरा धरायचा, मग घसरू द्यायचा. अशा दोन-तीन लांब हाका झाल्या की आवाजाचे तुकडे पाडायचे. आखूड, किनरे, एकमेकांवर आदळणारे. हा सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात आटपतो. त्यानंतर तीन मिनिटे काहीच करायचे नाही. कोल्ह्यांची मोजणी करणारे युरोपातले अभ्यासकही साधारण हाच ठोका पाळतात, फरक इतकाच की त्यांच्याकडे ध्वनिमुद्रण आणि भोंगा असतो. नवशिक्याला अर्धे मिनिट जमते, पुढची तीन मिनिटे जमत नाहीत. पाचटावर पाय हलतो, खोकला येतो, हात विजेरीकडे जातो. कोल्हा मात्र घाई करत नाही. तो आधी ऐकतो. हाक ओळखीची की परक्याची, एकट्याची की जोडीची, हद्दीच्या आतली की बाहेरची, हे त्याला आधी ठरवायचे असते.

मी इचलकरंजीचा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून या गावाला खडखडाटाची सवय लागली. मागाच्या शेडमध्ये उभा राहिलेला माणूस शेजारच्याशी ओरडूनच बोलतो आणि घरी आल्यावरही त्याचा आवाज लवकर खाली येत नाही. अशा गावात कानावर जगणारा छंद कुठून आला, असे मला पुष्कळदा विचारतात. उत्तर सोपे आहे. गाव जिथे संपते तिथे ऊस सुरू होतो. शिरढोणच्या पुलापलीकडे, टाकवड्याकडे, रुई-चंदूरच्या बाजूला पंचगंगेच्या मळीच्या जमिनीत बारा-चौदा महिने उभा राहणारा ऊस म्हणजे कोल्ह्याला मिळालेले रानच. आत उंदीर भरपूर, पाटाला पाणी, सावली, आणि तोडणीपर्यंत माणसाचा फारसा वावर नाही.

लहानपणी सूतगिरणीचा भोंगा वाजला की नदीकडून कोल्हे उत्तर द्यायचे. भोंग्याचा चढत जाणारा, धरलेला आणि मग उतरणारा आवाज कोल्ह्याच्या लांब हाकेच्या वळणाचा असतो, हे मला फार पुढे कळले. तेव्हा एवढेच कळत होते की माणसाने केलेल्या आवाजाला रानातून जबाब येतो. त्याचे मला जे वेड लागले ते अजून उतरलेले नाही.

शिकवले ते तारदाळच्या माळाकडे पाल टाकून राहणाऱ्या एका म्हाताऱ्या पारध्याने. मी त्यांना आबा म्हणायचो. पारध्यांचे हाकेचे ज्ञान फार जुने. पिंजऱ्यातला पाळीव तित्तर शेतात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तित्तर फाशात आणायचे हे तर सगळ्यांना ठाऊक असते. पण तोंडाने किती जनावरांशी आणि पाखरांशी बोलता येते ते आबांकडे पाहिल्याशिवाय खरे वाटले नसते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली त्यांत ही माणसेही ओढली गेली. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावाच्या नजरेतून तो पुरता गेलेला नाही, आणि एवढे मोठे ज्ञान त्या नजरेखाली विझत चालले आहे याचा मला राग आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पारध्यांना नोकरी दिली, विश्वासाची कामे दिली. त्या दूरदृष्टीचा एक कण जरी नंतरच्यांना मिळाला असता तर आबांच्या नातवंडांना कोल्ह्याची हाक माझ्याकडून ऐकायची वेळ आली नसती.

आबांनी पहिल्याच संध्याकाळी माझी हाक थांबवली. म्हणाले, "आरं, त्येच्या घरात शिरून दम दिल्यागत वरडालायस तू. बांधाच्या पल्याडनं शेजाऱ्याला हाळी देत्यात, तशी दे." हे एक वाक्य म्हणजे या कलेचा गाभा आहे. तुकडे पाडलेला, चढा, तुटक आवाज म्हणजे आव्हान. लांब, सरळ हाक म्हणजे चौकशी. आव्हान दिले तर हद्दीचा मालक चिडून चालून येतो, किंवा त्याच्या अंगात बळ नसेल तर गप्प होऊन सरकतो. दोन्हींत मोजणाऱ्याचे नुकसानच. चौकशी केली तर तो बसल्या जागेवरून उत्तर देतो, त्याची मादी त्यात सूर मिसळते आणि पलीकडच्या फडातली दुसरी जोडीही बोलते. म्हणून तुकडे शेवटी पाडायचे, तेही थोडे.

खर्ज मात्र मी गाण्याच्या मास्तरांकडून घेतला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. त्यामुळे पहाटे खर्ज लावायला सांगणारे मास्तर आमच्याकडे अजून भेटतात. खालचा आवाज सुटा झाल्याशिवाय कोल्ह्याची हाक लांब जात नाही. दाट ऊस किनरा आवाज पिऊन टाकतो, खालचे सूर त्यातून पार होतात. थंडीच्या, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते आणि आवाज वर न जाता पुन्हा जमिनीकडे वाकतो. पौष-माघातल्या अशा रात्री दीड-दोन किलोमीटरवरचे उत्तर शेजारच्या सरीतून आल्यासारखे ऐकू येते. हाच जोड्या जमण्याचा काळ, त्यामुळे कोल्हे बोलतातही जास्त.

हाक मारण्यापेक्षा ऐकणे अवघड. दोन कोल्हे बोलायला लागले की नवख्याला सात-आठ वाटतात. ते आवाज इतक्या झपाट्याने बदलतात आणि एकमेकांच्या सुराला चुकवत जातात की कान फसतो. म्हणून मोजायचे ते सुरुवातीला. पहिला कुठून उठला, दुसरा त्यात कधी शिरला, तिसरा वेगळ्या दिशेचा आहे का. एकदा गलका झाला की आकडा सोडून द्यायचा. तीनच्या पुढे कानाने मोजता येते असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. दिशा होकायंत्रावर घ्यायची आणि दुसऱ्या बांधावर बसलेल्या जोडीदारानेही त्याच उत्तराची दिशा घ्यायची. नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे कुटुंब. वन विभागाच्या परवानगीने अभ्यासक येतात तेव्हा त्यांच्याबरोबर मी याच कामाला जातो. त्यांच्याकडे चांगली यंत्रे असतात. तरी दव पडून भोंगा कुरकुरायला लागला की माझ्याकडे वळून बघतात.

लांडग्यासाठी इथून पूर्वेकडे जावे लागते. जत, आटपाडी, सोलापूरकडचे माळ हे त्याचे घर. आमच्या पाणथळ उसात तो येत नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाला येणाऱ्या धनगरांकडून लांडग्याबद्दल जे ऐकायला मिळते ते पुस्तकांत क्वचितच सापडते. त्यांच्यातला एक जण सांगायचा की ओरडणारा लांडगा मेंढी नेत नाही, नेणारा गप्प असतो. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या आवाजांचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांची हाक सरासरी पाच सेकंदांची असल्याचे त्यात मोजलेले आहे. नुसत्या हाकेवरून एकेक लांडगा वेगळा ओळखता येतो, हेही त्याच अभ्यासकांनी पुढे दाखवले. धनगराला हे सांगितले तर तो म्हणाला, "मग आमी काय सांगत हुतो?"

ही कला जन्मली ती मारण्यासाठी, हे मी लपवत नाही. अमेरिकेत टेक्सासच्या मार्बल फॉल्स गावच्या बर्नहॅम बंधूंनी मरणाऱ्या सशाची किंकाळी काढणारी शिट्टी घरोघर पोचवली. ती फुंकायची आणि कोयोट धावत आला की बंदूक चालवायची. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंद, अंगाने थोडा थोर. तोही वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घालून येतो, कारण कानाने ऐकलेले त्याला नाकाने तपासायचे असते. बंदूकवाला म्हणूनच हाक मारणाऱ्याच्या समोर न बसता वाऱ्याखाली बसतो. तिकडे कोयोट मारण्याच्या शर्यती लागल्या, बक्षिसे लागली. कॅलिफोर्नियाने २०१४ साली अशा बक्षिसांवर बंदी घातली. इतके मारूनही कोयोट मात्र पसरतच गेला आणि आज तो पनामापर्यंत पोचला आहे. हद्द धरून बसलेली जोडी मारली की तिथे नवे, उनाड, तरुण जनावर येते, आणि ते जास्त नुकसान करते. आमच्या शेतकऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

कोल्हापूर संस्थानात शिकारीचा दुसरा नमुना होता. आफ्रिकेतून आणलेले चित्ते इथे पाळले जात. डोळ्यांवर टोपडे घातलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपडे काढायचे. शिकार झाल्यावर चित्त्याला लाकडी पळीतून मांस देत चित्तेवान त्याला काळविटापासून सोडवायचा. हे जनावर चित्तेवानाच्या आवाजावर आणि हातावर चालायचे, त्या आवाजाची एकही नोंद उरली नाही याची मला रुखरुख वाटते. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, तरुणपणी बंदूक घेऊन हिंडलेले, पुढे नुसते पाहत बसण्यात रमले. मला त्यांचा तो प्रवास जवळचा वाटतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे, हाकणे आणि आमिष दाखवणेही येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे. आमिषाचा हा मुद्दा मला कायद्याच्या आधीपासून पटलेला आहे, म्हणून सशाची किंकाळी मी कधी काढत नाही. भुकेल्या जनावराला खाणे आहे असे सांगून बोलवायचे आणि तिथे काहीच नसायचे, ही फसवणूक आहे. हद्दीबद्दल विचारणारी हाक निराळी. रानातले कोल्हे ती एकमेकांना रोज मारतात. तरी तीही फुकट नसते. परक्याचा आवाज ऐकून नर-मादी उठतात, हद्द फिरतात, मूत्राच्या खुणा ताज्या करतात, तेवढा वेळ शिकार राहते. उन्हाळ्यात पिल्ले बिळात असताना मादीने माझ्यासाठी का उठावे? होळीनंतर मी तोंड उघडत नाही. एका फडाला एका रात्री उत्तर मिळाले की त्याला पुन्हा विचारत नाही. बांगलादेशातल्या कोल्ह्यांवरचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही ऋतूप्रमाणे कोल्ह्यांचा जबाब बदलतो असे दिसले होते. कधी ते ओरडतात, कधी न ओरडता चालून येतात. हल्ली शनिवारी रात्री मोबाइलवर कोल्हेकुई लावून माळावर गाड्या उभ्या करणारी पोरे दिसतात. त्यांना हटकतो. चांगली पोरे असतात, बिळाची गोष्ट सांगितली की बंद करतात.

खेड्यात भीती अजून आहे. एकटा कोल्हा विचित्र, फाटक्या आवाजात ओरडला की भालू ओरडली म्हणतात आणि कुणाच्या तरी घरी वाईट होणार असे धरतात. शिंगाचा धंदा त्याहून वाईट. कोल्ह्याच्या डोक्यावर शिंग असते आणि ते तिजोरीत ठेवले की पैसा येतो, या खोट्या समजुतीवर जनावरे मरतात. कोल्ह्याला शिंग नसते. कातडे आणि केस गुंडाळून केलेल्या गाठी लोकांच्या गळ्यात मारल्या जातात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने मळ्या गिळल्या. त्या हिवाळ्यात नदीकडची माझी नेहमीची ठिकाणे मुकी होती, उत्तरे आली ती वरच्या, माळाकडच्या उसातून. शिरढोणकडचे एक शेतकरी काका तेव्हा मला म्हणाले, "तुमच्या हाकंनं कोल्ही येत्यात तर तुमच्या हाकंनं जातीलबी की. माज्या खोडव्यातनं घालवा बगू." मी सांगितले की परक्याच्या हाकेने मालक घर सोडत नाही, उलट बाहेर येऊन उभा राहतो. मग बांधावर बसून उंदरांचे बोलणे झाले. त्यांच्या उसाला बुडाशी उंदरांचे दात लागले होते, कोल्ह्याने चघळलेली कांडी त्यापुढे किरकोळ होती. बांधाच्या झुडपात डुकरांसाठी लावलेली तार होती. मी तिच्याकडे बघत होतो हे त्यांनी पाहिले. तारेला डुक्कर आणि कोल्हा यांतला फरक कळत नाही, एवढेच मी बोललो. तार त्या दिवशी निघाली नाही. नंतर केव्हातरी त्यांच्या सूनबाईंनी काढली, कारण त्यांचे कुत्रे त्यात सापडले होते.

पुढच्या गळिताच्या आधी काकांचा फोन आला. "खोडव्यात चौघं बोलालेत, येऊन बगा." गेलो. हाक मारली, उत्तर आले. पहिला नर, लगेच मादी, तिसरा पाटाच्या पलीकडून, आणि मग गलका. मी मोजणीच्या फॉर्मवर 'किमान तीन' लिहिले. काका भांडायला उठले. चौथे आहे, गेल्या सालचे पिल्लू आहे, आई-बापाजवळच राहिले आहे, त्याचा आवाज अजून फुटलेला नाही म्हणून तो मागून चिरकतो, आपण रोज ऐकतो. आकड्याच्या रकान्यात मी तीनच ठेवले. शेऱ्याच्या रकान्यात काकांचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले आणि त्याखाली त्यांची सही घेतली.