घरचा डीव्हीडी रायटर



ज्वारी हुरड्यात आली की आमच्या भागात रानातल्या काठ्यांना दोऱ्याने बांधलेल्या जुन्या सीडी दिसू लागतात. वाऱ्यावर गरगर फिरतात, उन्हात चमकतात आणि पाखरं चार दिवस बिचकतात. (पाचव्या दिवशी त्यांनाही कळतं, ते सोडा.) वीस वर्षांपूर्वी हीच चकती तालुक्याच्या गावाहून जपून आणली जायची. लग्नाची सीडी म्हणून कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी तिला जागा असायची. आता गाणी मोबाइलमध्ये, फोटो मोबाइलमध्ये, आणि बहुतेक नव्या लॅपटॉपना चकती घालायची सोयच राहिलेली नाही. अशा काळात मी चकतीवर लिहिणारं यंत्र, म्हणजे डीव्हीडी रायटर, कसा घ्यावा आणि कसा बसवावा हे सांगायला बसलो आहे. तेव्हा आधी कारण सांगितलं पाहिजे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, २०२१ साली गेले. त्यांचा मुलगा नाशिकला नोकरीला. दाजींना मोबाइलवर अक्षरं टिपणं जमत नसे, म्हणून रोज रात्री ते मुलाला बोलून निरोप पाठवत. निरोप कसले, तर पाण्याचे. "साडेदहाला लाइट आली. मोटर चालू केली. चौदा सऱ्या भिजल्या. तू जेवलास का?" असे तीन वर्षांचे निरोप भाच्याच्या मोबाइलमध्ये साठले होते. गेल्या वर्षी त्या मोबाइलची बॅटरी फुगली आणि पडदा एका बाजूने उचलला गेला. आक्का मला म्हणाली, "ह्ये बंद पडलं तर ह्यांचा आवाज कुठनं आणू रं मी?"

फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल चार्जिंगला लावू नये, धोका असतो. आधी दुकानात बॅटरी बदलून घेतली, मग केबलने मोबाइल संगणकाला जोडून सगळे निरोप उतरवून घेतले. दहा तासांच्या वर बोलणं होतं, पण आकाराने दोनशे एमबीसुद्धा भरलं नाही. सोबत फोटो आणि वारीतली थोडी चित्रफीत. सगळं मिळून साडेतीन जीबी.

भाच्याचं म्हणणं होतं, "मामा, पेनड्राइव्हवर घेऊ की." घ्यावंच. पण पेनड्राइव्ह ही रोजच्या वापराची वस्तू. आज त्यावर निरोप आहेत, उद्या कोणी जागा हवी म्हणून पुसून गाणी भरील. खायची ज्वारी आणि बियाण्याला राखलेली कणसं आपण एका पोत्यात ठेवत नाही. एकदाच लिहिता येणाऱ्या चकतीचा, म्हणजे नावात नुसतं 'आर' असलेल्या चकतीचा, गुण हाच की लिहून बंद केल्यावर तिच्यावरचं कोणाला पुसता येत नाही. 'आरडब्ल्यू' लिहिलेली चकती पुन्हा पुन्हा पुसून वापरता येते. ती राखणीच्या कामाला नको.

चकती अमर आहे असं मात्र कोणी समजू नये. लिहिण्याच्या चकतीत रंगाचा एक पातळ थर असतो. रायटरमधला लेसर किरण तो थर ठिकठिकाणी तापवून बदलतो आणि वाचताना त्याच खुणा वाचल्या जातात. रंग म्हटला की उन्हाने उडणार. रानात टांगलेली एखादी लिहिलेली सीडी हंगाम संपल्यावर हातात घेऊन बघा, मी काय म्हणतो ते दिसेल. म्हणून चकती हा एक उपाय, एकुलता एक नव्हे.

आता खरेदीचं. दुकानात 'ड्राइव्ह द्या' म्हणू नका, 'रायटर द्या' म्हणा. जुन्या मालात नुसती वाचणारी यंत्रं असतात, आणि 'कॉम्बो' नावाचा एक प्रकार असतो, तो डीव्हीडी वाचतो पण लिहितो फक्त सीडी. डीव्हीडी रायटर घेतला की सीडी लिहिण्याचं कामही त्यावर होतं. सीडीत ७०० एमबी मावतात, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. ब्लू-रे रायटरही मिळतो, त्याच्या चकतीत २५ जीबी मावतात. पण यंत्र महाग, चकत्या महाग आणि गावाकडे मिळायची मारामार. आपल्या घराला डीव्हीडी पुरे. चकतीवर अधिक-आर लिहिलं आहे की उणे-आर, याची काळजी नको, हल्लीचे रायटर दोन्ही घेतात. वेगाच्या आकड्यालाही भुलू नका. १६ पट असो की ८ पट, फरक पाच मिनिटांचा, आणि आपल्याला काही गाडी पकडायची नाही.

लॅपटॉप असेल तर यूएसबीने जोडायचा पातळ रायटर घ्यावा. आम्ही तोच घेतला, दोन हजारांच्या आत मिळाला. बसवायचं असं त्यात काही नाही. केबल लॅपटॉपला लावली की विंडोज त्याला आपोआप ओळखतं आणि डिस्कच्या यादीत एक नवं चिन्ह येतं. अडचण येते ती विजेची. हे यंत्र यूएसबीतूनच वीज घेतं. एका खाचेला चार वस्तू जोडणारा जो फाटा मिळतो, त्यावर लावलं तर कधी वीज कमी पडते आणि चकती घरघर करून थांबते. एका फीडरवर मोटारी वाढल्या की शेवटच्या मोटारीचं जे होतं, तेच. थेट संगणकालाच लावावं. काही रायटरना दोन तोंडांची केबल येते, तिची दोन्ही तोंडं लावावीत.

टेबलावरचा संगणक असेल तर रायटर पेटीच्या आत बसवता येतो. हे काम मी प्रथम २००४ साली कार्यालयातल्या संगणकात केलं, तेव्हा रुंद पट्टीसारखी केबल असे. एका पट्टीवर दोन यंत्रं जोडली तर पाठीमागच्या इवल्याशा जंपरने कोण 'मास्टर' आणि कोण 'स्लेव्ह' ते ठरवावं लागे. एका जुवाला दोन बैल, आणि दोघांनाही उजवीकडेच चालायचं असेल तर नांगर कसा चालेल? हल्लीच्या साटा रायटरला ती भानगड नाही. आधी संगणक बंद करून प्लग काढायचा आणि पेटीच्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पुढची झाकणपट्टी काढून रायटर समोरून आत सरकवायचा आणि दोन्ही बाजूंनी स्क्रू आवळायचे, पण पिळून टाकायचे नाहीत. मागे दोन केबली: अरुंद ती माहितीची, मदरबोर्डला जाणारी, रुंद ती विजेची. दोन्हींची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी असते, त्यामुळे उलटी बसत नाही. बसत नसेल तर जोर करू नका, फिरवून बघा. नवी पेटी घेणाऱ्यांनी रायटरला पुढे जागा आहे का हे आधी पाहावं. पुष्कळ नव्या पेट्यांत ती नसते.

लिहायच्या वेळी लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी. मधेच वीज गेली आणि संगणक बंद पडला की चकती वाया. कोरी चकती घातल्यावर विंडोज विचारतं, पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? राखणीसाठी दुसरं निवडायचं. आमच्या पातळ रायटरला एक डीव्हीडी भरायला दहा मिनिटं लागली. लिहून झाल्यावर चकती बाहेर काढून पुन्हा घातली आणि पाच-सहा निरोप मधले-मधले उघडून ऐकले. मग शेजारच्या संगणकावरही ऐकले. हे न करता चकती कपाटात ठेवणं म्हणजे उगवण न तपासता बियाणं पेरणं.

पण आक्काला संगणक कुठे येतो? तिच्याकडे कीर्तनं ऐकायचा जुना सीडी प्लेयर आहे. मोबाइलमधले निरोप त्याला तसेच्या तसे कळत नाहीत. भाच्याने ते एमपी थ्री करून घेतले आणि मग त्यांची 'ऑडिओ सीडी' लिहायची ठरली. तिथे नवा पेच. ऑडिओ सीडीत माहिती मोजत नाहीत, वेळ मोजतात, आणि वेळ असतो ८० मिनिटं. दहा तासांतली ८० मिनिटं कोणती ठेवायची?

रायटर घ्यायला एक दुपार लागली, हे ठरवायला दोन रात्री. भाच्याला वाढदिवसाचे आशीर्वाद आणि वारीतला अभंग हवा होता. आक्का ऐकत बसायची आणि मान हलवायची. "ह्यो न्हवं. ह्यात कुणीतरी ऐकतंय म्हणून बोलल्यागत बोलल्यात." तिने राखले ते पाण्याचे निरोप. मोटर जळाली तेव्हाचा एक, वळवाचा पाऊस आला तेव्हाचा एक, त्यात आवाजापेक्षा पत्र्यावरच्या पावसाचा ताशाच जास्त. गाय दावं तोडून उसात शिरली तेव्हाचा एक, त्यात दाजी गाईला आणि आक्काला एकाच दमात बोलले आहेत. तो तिने दोनदा लावायला सांगितला. ७६ मिनिटं भरली, राहिलेली चार तिने रिकामीच ठेवायला लावली.

चकतीवर नाव घालताना बॉलपेन वापरू नका. सीडीची माहिती छापील बाजूच्या लगेच खाली असते, टोकदार पेनाने थर दुखावतो. खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा घातक. मऊ टोकाचा मार्कर घ्यावा आणि शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावं. कागद चिकटवू नये. चकती डबीत घालून उभी ठेवावी. खिडकी, चूल आणि पत्र्याखालची माळवद या जागा टाळाव्यात. आणि प्रती एकाच घरात नकोत. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा एकाच ट्रंकेत ठेवलेले अल्बम कसे लगदा झाले, ते आमच्या सांगलीकडच्या लोकांना सांगायला नको.

आम्ही डीव्हीडीच्या दोन प्रती केल्या. एक नाशिकला गेली, एक माझ्याकडे आहे. ऑडिओ सीडी आक्काच्या प्लेयरशेजारी. तिच्यावर काय लिहायचं विचारलं, तर म्हणाली, "पाण्याचं निरोप, एवढंच लिव्ह." मी खाली सालं घातली, २०१८ ते २०२१.