पिल्लू उचलण्याआधी

मुलांनो, मलकापूरहून बुलडाण्याला जाणाऱ्या एस.टी.त बसलात, की वाटेत आमचं मोताळा लागतं. तालुक्याचं गाव. आजूबाजूला कपाशी, तूर, मका, सोयाबीन. तालुक्यातच नळगंगा धरण. बुलडाण्याच्या बाजूला पाहिलं, तर अजिंठ्याच्या डोंगररांगेची निळसर भिंत दिसते. राजूरचा घाट चढला की आलं बुलडाणा. डोंगर जवळ असल्यामुळे रान आमच्या शेतापर्यंत येतं. रात्री रोही येतात, रानडुकरं येतात. आणि ससे तर किती तरी!

त्यातल्याच एका सशाची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट माझ्या चुकीची आहे, म्हणून जरा जपून ऐका.

पावसाळ्याचे दिवस होते. कपाशीत डवरे चालू होते. आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा सकाळी दप्तर छातीशी धरून आला. दप्तरात काय असेल? सशाचं पिल्लू! मुठीएवढं, उघड्या डोळ्यांचं, अंग चोरून बसलेलं.

"सर, याची माय कुठीच नाही दिसली. त्याले लय भूक लागली."

सगळा वर्ग गोळा झाला. मलाही ते इतकं आवडलं, की मी त्याला रागावलो नाही, उलट शाबासकी दिली. खोक्यात गवत अंथरलं. कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजलं. मुलांनी पाळ्या लावून घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खोकं उघडलं, तर पिल्लू थंड पडलेलं होतं.

मुलं रडली. मलाही वाईट वाटलं; पण आपण जमेल तेवढं केलं, असं मी मनाला समजावलं. पुढे वनखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, त्याची आई होती की! सशाची मादी पिल्लांजवळ दिवसभर बसत नाही. बसली तर कोल्ह्याकुत्र्याला पत्ता लागेल. ती अंधार पडला की येते, दूध पाजते आणि निघून जाते. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे पोरकं झालं, असं नसतं."

म्हणजे त्या संध्याकाळी ती आई कपाशीत आली असेल. तिला जागा रिकामी दिसली असेल. आम्ही पिल्लाला वाचवलं नव्हतं, आईपासून तोडलं होतं. आणि हे केलं होतं प्रेमाने!

मग मी या विषयावरची पुस्तकं शोधायला लागलो. विलास मनोहरांचं 'नेगल' वाचलं, डॉ. प्रकाश आमट्यांचं 'रानमित्र' वाचलं. दोन्ही पुस्तकांत गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाच्या प्राण्यांच्या हकिकती आहेत. 'नेगल' हे तिथल्या एका बिबट्याचं नाव. वर्गात थोडं थोडं वाचून दाखवलं. तेव्हा एका मुलीने हात वर केला. "सर, आपण ससा आणला ते चूक, मग त्यांनी बिबट्या ठेवला ते बरोबर कसं?"

प्रश्न बिनतोड होता! त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही फळ्यावर तीन प्रश्न लिहिले.

एक, हा प्राणी इथे का आला?
दोन, तो परत रानात जाऊ शकतो का?
तीन, त्याला ठेवण्यात फायदा कोणाचा, त्याचा की आपला?

आता हेमलकसा बघा. तिथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया आदिवासी तेव्हा पोटासाठी शिकार करत. एकदा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांना शिकारीहून परतणारी माणसं भेटली. मारलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू अजून बिलगून होतं. आमट्यांनी धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतलं. तीच बबली. मग लोक शिकारीत सापडलेली पिल्लं मारण्याऐवजी त्यांच्याकडे आणून देऊ लागले, आणि प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. या पिल्लांची आई खरोखरच मेलेली होती. आईशिवाय वाढलेल्या बिबट्याला शिकार कोण शिकवणार? माणसाची भीती गेलेला बिबट्या रानात सोडला, तर तो थेट गावात येईल. म्हणून तो तिथे राहिला. आमच्या सशाची गोष्ट मात्र पहिल्याच प्रश्नाला नापास झाली.

हे प्रश्न परदेशातल्या गोष्टींनाही लावून बघा. केनियातल्या जॉय अ‍ॅडम्सन यांचं 'बॉर्न फ्री' हे पुस्तक १९६० साली निघालं. त्यात एल्सा नावाची सिंहीण आहे. जॉयबाईंच्या नवऱ्याला स्वतःच्या बचावासाठी एका सिंहिणीवर गोळी झाडावी लागली आणि तिचे तीन बछडे पोरके झाले. दोघींची रवानगी हॉलंडमधल्या प्राणिसंग्रहालयात झाली. एल्सा मात्र त्यांच्याजवळ राहिली. ती त्यांच्या इतक्या लळ्याची, की मनात आणलं असतं तर तिला जन्मभर ठेवून घेता आलं असतं. पण त्यांनी दुसरा प्रश्न स्वतःला विचारला. तिला शिकार शिकवली आणि रानात सोडली. पुढे तिला तिथे पिल्लंही झाली.

याच्या अगदी उलट गोष्ट 'ब्लॅकफिश' या २०१३ सालच्या माहितीपटात आहे. टिलिकम हा ऑर्का जातीचा प्रचंड समुद्री प्राणी. १९८३ साली, दोनेक वर्षांचा असताना, त्याला आइसलंडजवळच्या समुद्रात पकडलं. मग टाकीत ठेवून जन्मभर खेळ करायला लावले. २०१७ साली तो टाकीतच मेला. त्याच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय येतं? तुम्हीच सांगा. हा माहितीपट बघायचा झाला, तर आईबाबांना शेजारी बसवून घ्या. काही प्रसंग फार दुःखाचे आहेत.

पण इतक्या लांब कशाला जायचं? तुमच्या आजोबांना विचारा. अस्वल घेऊन दारोदार फिरणारा दरवेशी त्यांनी पाहिला असेल. डमरू वाजलं की पोरं धावायची. अस्वल दोन पायांवर नाचायचं. खरं तर ते नाचत नव्हतं, दोरीच्या हिसक्याने दुखत होतं म्हणून उड्या मारत होतं. पिल्लू असतानाच त्याचं नाक टोचून त्यात दोरी ओवलेली असायची. १९७२ च्या कायद्याने हा खेळ बंद व्हायला हवा होता; पण रस्त्यावरचं शेवटचं नाचरं अस्वल सुटायला २००९ साल उजाडलं. दरवेशीही गरीबच होते. त्यांना दुसरा धंदा मिळवून दिला, त्यांची मुलं शाळेत गेली, तेव्हा कुठे अस्वलं मोकळी झाली.

हे वाचून झालं आणि आम्ही सहल काढली ज्ञानगंगा अभयारण्याला. बुलडाण्याहून खामगावच्या रस्त्याला लागलं की हे जंगल येतं. १९९७ साली त्याचं अभयारण्य झालं. क्षेत्रफळ सुमारे २०५ चौरस किलोमीटर. अस्वलांसाठी ते प्रसिद्ध आहे. आम्हाला वनरक्षकाने उकरलेलं वारूळ दाखवलं. अस्वलाला वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी फुर्रकन ओढून घेतं, आणि नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या चक्क मिटून घेतं! वाटेत त्याची विष्ठा दिसली, तिच्यात बोरांच्या बिया होत्या. पण अस्वल? एकही दिसलं नाही. मुलं हिरमुसली. वनरक्षक हसून म्हणाला, "तुम्ही नाही पाहिलं. त्याने तुम्हाला पाहिलं असेल."

याच जंगलात २०१९ च्या डिसेंबरात एक वाघ आला होता. जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे त्याचा माग लागत होता. तेलंगणात डोकावून, शेतं, नाले, रस्ते ओलांडून तो चालतच राहिला. एकूण सुमारे ३००० किलोमीटर! लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. आता सर्कशीतला वाघ आठवा. चार पावलं टाकली की गज, वळला की पुन्हा गज. १९९८ साली सरकारने सर्कशीत वाघसिंहांचे खेळ बंद करायचं ठरवलं, ते उगीच नाही.

तर मुलांनो, रानात पिल्लू दिसलं तर हात लावू नका. लांब व्हा, कुत्र्यांना आवरा. जखमी असेल, तर मोठ्यांना सांगून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि आईबाबांनो, आपल्या रानातला ससा, पोपट, कासव घरी ठेवणं हा गुन्हाही आहे, हे ध्यानात असू द्या.

तो दप्तरवाला मुलगा आता मोठ्या वर्गात गेलाय. परवा रस्त्यात भेटला. म्हणाला, "सर, बांधावर सशाचं पिल्लू दिसलं. मी आमच्या कुत्र्याले घरी बांधून टाकलं. सकाळी गेलो, तं जागा रिकामी."

"मग? आई घेऊन गेली असेल?"

"मालूम नाही, सर. पण म्या नाही नेलं."

या वेळची शाबासकी मात्र मी मनापासून दिली.