जोडणारांची मुंबई

मुंबईत नवी वस्तू घ्यायला पैसे लागतात. जुनी वस्तू नीट दुरुस्त करून घ्यायला माणसे माहीत असावी लागतात. डॉक्टर कोणता चांगला, शाळा कोणती बरी, उकडीचे मोदक कुणाकडे मागवावेत, हे शेजारचे कोणीही सांगेल. पण चांगल्या बुटाला नवा तळ कोण घालील आणि लोकरी कोटाला पडलेले भोक कोण बुजवील, असे विचारून पाहा. समोरचे गृहस्थ क्षणभर आपल्या पायांकडे पाहतात, मग चेहऱ्याकडे पाहतात आणि मोठ्या सहानुभूतीने म्हणतात, "अहो, टाका की आता! नवे घ्या."

हा सल्ला स्वस्त मालाला ठीक आहे. पण ज्या बुटासाठी पगाराचा लचका तोडून दिला, जो सूट लग्नात शिवला आणि अजून अंगाला होतो, तो टाकायचा कसा? पुरुषांच्या कपड्यांत हौसेला जागा थोडी. दोन बरे कोट, चार विजारी, एक कातडी बुटांचा जोड एवढाच बहुतेकांचा संसार. तो टिकवण्याची विद्या मुंबईत अजून आहे. मात्र तिच्यावर पाट्या नाहीत. ती जिन्याखाली, कमानीखाली आणि दुकानाच्या फळीवर बसलेली असते. चालत हिंडणाऱ्यालाच ती सापडते.

हिंडायला सुरुवात करावी ती व्हीटीपासून. स्टेशनाचे नाव आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असले, तरी जुन्या मुंबईकराच्या तोंडात अजून व्हीटीच येते. फलाटावर पॉलिशवाल्याचा ब्रश लाकडी पेटीवर टक्‌टक् वाजत असतो. पॉलिश ही या विद्येची बाराखडी. पुढचे धडे बाहेर, फोर्टातल्या कमानींखाली मिळतात. तिथे भिंतीला पाठ लावून एखादे चर्मकार काका बसलेले दिसतील. पुढ्यात रापी, आरी, मेणाचा गोळा, दोऱ्याची गुंडाळी, खळीचा डबा, आणि निरनिराळ्या आकारांच्या पावलांचा लोखंडी पाया. मागे संत रोहिदासांची तसबीर आणि तिच्या शेजारी बाबासाहेब. कातडे भिजवायच्या कुंडात गंगा प्रकटल्याची गोष्ट ज्या संताबद्दल सांगतात, त्याच्या नजरेखाली हे काम चालते.

काम जाणणारा कोण, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. बूट हातात देताच जो हातोडी उचलतो, त्याच्याकडून तो परत घ्यावा. जो बूट उलटा करतो, वाकवून पाहतो, आत बोट घालून शिलाई चाचपतो आणि मग विचारतो, "साहेब, हा रोज घालता का?" त्याच्या समोर निवांत बसावे. कारण बुटाचे दुखणे तळात असते आणि तळ कसा जोडला आहे यावर सारा इलाज ठरतो.

तळ जोडण्याच्या मुख्य रीती तीन. सगळ्यांत स्वस्त रीत म्हणजे तळ नुसता चिकटवायचा. असा तळ सुटला तर पुन्हा चिकटवता येतो, कडेने शिवून घेतला तर आणखी काही महिने चालतो. दुसरी रीत आतला आणि बाहेरचा तळ एकाच शिलाईने आरपार जोडण्याची. बुटाच्या आत पाहिले की ही शिलाई दिसते. ती पुन्हा घालायला खास यंत्र लागते, हाताने ते काम अवघड. तिसरी रीत सर्वांत कष्टाची आणि सर्वांत शहाणी. वरचे कातडे आणि आतला तळ यांना बाहेरून कातड्याची एक अरुंद पट्टी शिवतात. हिला वेल्ट म्हणतात. बाहेरचा तळ त्या पट्टीला वेगळ्या शिलाईने जोडतात. तळ झिजला की ही दुसरी शिलाई तेवढी उसवायची आणि नवा तळ घालायचा. वरच्या कातड्याला सुईसुद्धा लागत नाही. असा बूट सांभाळला तर त्याचे तळ अनेकदा बदलता येतात. म्हणून महागडा बूट घेताना त्याची चकाकी पाहण्याआधी तो उसवता येतो का, हे पाहावे. जे उसवता येत नाही, ते सांधताही येत नाही.

चौथा प्रकार दुरुस्तीच्या पलीकडचा. हलक्या, मऊ, फेसासारख्या तळांचे काही बूट कपाटात नुसते ठेवले तरी एक दिवस भुगा होऊन पडतात. पॉलियुरेथेन नावाच्या या पदार्थाला हवेतला ओलावा हळूहळू आतून खातो. आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय तोटा! अशा बुटाला काका हातही लावत नाहीत. "ह्यात टाका धरायला काही राहिलंच नाही, साहेब," असे म्हणून ते तो अलगद परत करतात. हे नाही म्हणणे फार मोलाचे आहे. विश्वासाचा कारागीर त्याच्या नकारावरून ओळखावा.

काकांकडून घेण्यासारखे आणखी दोन धडे आहेत. टाचेखालचा रबरी तुकडा झिजून आतल्या कातड्याच्या थरांना लागण्याआधीच बदलावा. तेवढ्याशा कामाने टाच वाचते. आणि पावसात भिजलेला बूट कधीही उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. घाईने वाळवलेले कातडे तडकते, आणि तडकलेल्या कातड्याला इलाज नाही.

फोर्टातून क्रॉफर्ड मार्केट ओलांडून मंगळदास मार्केटाकडे वळले की कातड्याचा वास मागे राहतो आणि कापडाचा सुरू होतो. पुढे मुळजी जेठा मार्केट, काळबादेवी. ठाणांच्या या अरण्यात रफूगार शोधावा लागतो. तो बहुधा एखाद्या कापडदुकानाच्या किंवा धुलाईवाल्याच्या आश्रयाने बसतो. फळीवर मांडी घालून, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून. यांतले पुष्कळ उत्तर प्रदेशातले. बिजनौर जिल्ह्यातले नजीबाबाद हे गाव या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. काश्मिरी शाली सांधणाऱ्यांची घराणी तिथली.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे आणि शिवणही नव्हे. ते विणकाम आहे. रफूगार कोट उलटा करतो, आतल्या दुमडीतून किंवा शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढतो आणि बारीक सुईने भोकावर आधी उभे, मग आडवे, एकाखालून एकावरून असे घालत जातो. ताणा आणि बाणा मूळ विणीत मिळून जातात. भोक मोठे असेल तर आतल्या बाजूचा कापडाचा तुकडा काढतो, त्याच्या कडा उसवून झालर करतो आणि एकेक धागा मूळ कापडात गुंफतो. रुपयाएवढ्या भोकाला सारी सकाळ लागते. काम झाल्यावर कापड उजेडासमोर धरावे. चांगल्या रफूची जागा बोटाला किंचित लागते, डोळ्याला सापडत नाही.

माझ्या वडिलांचा एक करडा लोकरी कोट होता. ते गेल्यावर तो ट्रंकेत राहिला आणि कसरीने त्याच्या छातीवर तीन भोके पाडली. काळबादेवीतल्या एका वृद्ध रफूगाराने तो हातात घेतला, कॉलर उलटवली आणि म्हणाला, "इसमें पहले भी रफू है." खरेच, खिशापाशी त्याने बोट ठेवले तिथे जुने काम होते. इतकी वर्षे घरात कुणाच्याही लक्षात आले नव्हते. वडिलांनी तो कधी, कुणाकडून सांधून घेतला, हे सांगायला आता कोणी नाही. पण एका कारागिराच्या सुईची खूण दुसऱ्या कारागिराला पटली. चार दिवसांनी कोट परत मिळाला तो धड होऊन. गेल्या हिवाळ्यात महाबळेश्वरला माझ्या मुलाने तो घातला.

रफू हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. दर्जी तिकडचाच, अस्तरही. जोडे घडवायचा लाकडी साचा, ज्याला आपण कळबूत म्हणतो, तोही तिथलाच. शिंपी मात्र आपला. आणि या शिंप्याच्या भाषेत एक फार गोड शब्द आहे. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात, त्याला तो माया म्हणतो. गिरगावात, दादरला जुन्या चाळींच्या जिन्याखाली एकच यंत्र घेऊन बसणारे शिंपी असतात. नवे कपडे शिवणे त्यांनी सोडलेले असते. ते फक्त फिटिंग करतात. त्यांच्याकडे विजार नेली की आधी आत पाहतात आणि म्हणतात, "माया आहे, सुटेल," किंवा "माया ठेवलीच नाही हो शिवणाऱ्यानं." तयार कपड्यांच्या कारखान्यांत कापड वाचवण्यासाठी हीच माया कातरली जाते. मग माणूस दोन बोटे सुटला की विजार कायमची गेली!

कोटाचेही तसेच. जुन्या रीतीच्या कोटात छातीला कॅनव्हास असते आणि ते टाक्यांनी बसवलेले असते; असा कोट उसवता येतो, खांदे आवळता येतात, अस्तर बदलता येते. बऱ्याचशा तयार कोटांत ते उष्णतेने चिकटवलेले असते. काही धुलायांनंतर तो चिकटा सुटतो आणि छातीवर फुगे येतात. ते शिंप्याच्या हातात नाही. शर्टाची विरलेली कॉलर उसवून उलटी बसवण्याची युक्ती मात्र अजून चालते. पूर्वी ती घरोघर ठाऊक होती. आता जिन्याखालचे मास्तर ती सांगितल्यावर हसतात, पण करून देतात.

कातड्याची खरी पेठ पाहायची तर धारावीला जावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळ मुलखातून आलेल्या चामडे कमावणाऱ्यांनी इथे बस्तान बसवले. कमावण्याचे कारखाने पुढे बाहेर गेले, पण पट्टे, पाकिटे, पिशव्या आणि जाकिटे करणारे हात राहिले. सायन-वांद्रे रस्त्यावर त्यांच्या दुकानांची रांग आहे. जाकिटाची चेन बदलणे, ब्रीफकेसचा कान नव्याने बसवणे असली कामे इथे जशी होतात, तशी क्वचित कुठे होतील. धारावीच्या पुनर्विकासाची योजना आता सुरू झाली आहे. उंच इमारतींत माणसांना घरे मिळतील. आरी आणि रापी कुठे बसेल, हा प्रश्न या गल्ल्यांतून कानावर येतो.

कोल्हापुरी चपलेचे शास्त्र आणखी निराळे. ती कातडी वादीने शिवलेली असते, तिच्यात खिळा नसतो. मुंबईत तिला सर्रास खिळे ठोकतात. पावसात खिळा गंजतो आणि भोवतालचे कातडे खातो. म्हणून वादीचे काम जाणणाराच शोधावा. या चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन-मेळाव्यात प्राडा या इटालियन कंपनीने तसल्याच चपला मिरवल्या, तेव्हा आपल्याकडे मोठा गहजब झाला. तो योग्यच होता. पण त्या दिवसांत संतापलेल्यांपैकी किती जणांनी आपली तुटलेली कोल्हापुरी दुरुस्त करून घेतली असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

कारण मुळात गोष्ट पैशांची आणि मानाची आहे. आपल्या म्हणी उघडून पाहा. चांभाराला, शिंप्याला त्यांत फारसा मान नाही. बूट घेताना छापील किंमत निमूट देणारा गृहस्थ तळ शिवून घेताना दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. ही कामे इतकी वर्षे स्वस्त राहिली, ती करणाऱ्याला जन्माने दुसरा रस्ता मोकळा नव्हता म्हणून. फोर्टातल्या त्या काकांना मी मुलाबद्दल विचारले होते. आरी न थांबवता ते म्हणाले, "बँकेत लागलाय. त्याला हे शिकवलं नाही मी. मुद्दामच." त्या 'मुद्दामच'मध्ये केवढा अभिमान होता! मुलगा सुटला याचा आनंद आपणही मानला पाहिजे. हातची विद्या नाहीशी होते म्हणून गळा काढण्याचा हक्क, तिची किंमत कधी न देणाऱ्यांना नाही.

सरकार या मंडळींना गटई कामगार म्हणते आणि पत्र्याचे स्टॉल अनुदानातून देते. चांगले आहे, पण स्टॉलने छप्पर मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. ते आपण व्हायचे. म्हणून माझे एवढेच सांगणे: आपल्या पेठेतला एक चर्मकार, एक रफूगार आणि एक जिन्याखालचा शिंपी शोधून ठेवा. पहिल्या वेळी लहान काम द्या, एखादे बटण, एखादी टाच. ते मनासारखे झाले तर मोठे काम त्याच्याच हाती सोपवा. घाई करू नका, "कधी मिळेल?" याआधी "कसं कराल?" विचारा. भाव करू नका. आणि त्यांचे नाव विचारून घ्या. डॉक्टरांचे नाव सांगतो तसे ते नाव मित्रांना सांगा. या धंद्यात दुसरी जाहिरात नसते.

दिवाळीला नवे कपडे घ्यावेतच. घरातली मुले ऐकणार आहेत थोडीच! पण नव्यांना जागा करताना जुना कोट बोहारणीच्या पाटीत टाकण्याआधी एकदा उलटा करून आत पाहा. शिवणीत थोडी माया शिल्लक असेल, तर तो अजून पुष्कळ दिवाळ्या पाहील.