घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

पोस्ट थोडी लांबलीय, पण घर घ्यायचा विचार असेल तर वाचा.

सलग चार रविवार एका मित्राबरोबर घरं बघत फिरतोय. तो एसटीत वाहक आहे. त्याला असं घर हवंय की मागच्या दोन खोल्या भाड्याने देता येतील. बाहेरून जिना, वेगळा संडास-बाथरूम, वेगळा मीटर. कर्ज २४ लाख, हप्ता २१ हजारांच्या आसपास. कॉलेजची पोरं ठेवली तर महिन्याला आठ हजार सुटतील, असा त्याचा हिशोब. यूट्यूबवाले याला 'हाऊस हॅकिंग' म्हणतात. आपल्या वडिलांच्या पिढीने नाव न देता हेच केलं. मास्तरांच्या घरात एक बिऱ्हाड असायचंच (आणि लाइट बिलावरून भांडणही).

गोम वेगळीच आहे. आम्ही सात घरं बघितली. मागच्या खोल्यांसकट मंजूर नकाशा दोनच मालकांनी दाखवला. बाकीच्यांनी पुढे केली घरपट्टीची पावती. "पालिका कर घेते म्हणजे अधिकृतच की साहेब," एजंट म्हणाला. मी पत्रकार आहे हे माहीत असून!

तसं नसतं हो. पालिका विनापरवाना बांधकामावरही कर घेते, वर शास्ती लावू शकते. पण कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. उद्या नोटीस आली तर भाडं बंद आणि हप्ता चालू. बँकेने नकाशात नसलेल्या खोल्या किमतीत धरल्या नाहीत तर तेवढी रक्कम खिशातून. म्हणून भाडं किती येतं हे नंतर विचारा, आधी नकाशा मागा.

दुसरं, भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे अजून वहीच्या पानावर सह्या होतात.

आता कुणी म्हणेल, मग पाडा सगळ्या खोल्या. मला ते पटत नाही. नर्सिंगच्या मुली, बँकेत नव्याने लागलेली पोरं, बदलीवर आलेले तलाठी याच खोल्यांत राहतात. त्या पाडल्या तर ही माणसं जाणार कुठे? अमेरिकेत कॅलिफोर्नियातही घरांची टंचाई आहे. तिथे २०२० पासून राहत्या घराच्या आवारात अशा जोडघरासाठी पूर्ण अर्ज आला की स्थानिक प्रशासनाला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मुदत ठरलेली असली की माणूस खिडकीवर जायला घाबरत नाही. आपल्याकडे मालक त्या खिडकीपासून लांबच राहतो, कारण एकदा फाइल उघडली की ती कधी मिटेल याचा भरवसा नाही.

गेल्या तीन वर्षांत वाढीव खोल्यांच्या नियमितीकरणाचे किती अर्ज आले, किती निकाली निघाले, हे मी माहिती अधिकारात विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोवर कुणी असा अर्ज केला असेल तर किती दिवस लागले ते कमेंटमध्ये लिहा. नाव नको असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.