दिवाळे गावच्या विंचवाल्याला

बाला,

तू ऑपरेटर झालास, हे तुझी आय मासळी बाजारात गिऱ्हाइकाला चिंबोऱ्या बांधून देता देता सांगते. ऐकून बरं वाटलं. मग तू ऑपरेटर कसा झालास तेही तिनंच सांगितलं, आणि माझी झोप उडाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून तू खारघरच्या एका टॉवरवर हेल्पर म्हणून लागलास. गच्चीवरच्या मंकीचा, म्हणजे ओझं वर घेणाऱ्या छोट्या विंचचा, ऑपरेटर गावी गेला तो परतलाच नाही. मुकादमानं तुला वर जायचं बटन, खाली जायचं बटन आणि लाल बटन दाखवलं. नारळी पौर्णिमेला तू ऑपरेटर होतास.

पत्र उघडं लिहितोय, कारण उलव्यापासून घणसोलीपर्यंत अर्धवट इमारतींच्या माथ्यावर तुझ्यासारखेच उभे आहेत. त्यांना तिथं उभं करणारेही हे वाचतील. तुझं नाव मात्र घालत नाही, रोजंदारीच्या माणसाचं नाव छापून त्याचं भलं होत नाही. माझं म्हणशील तर आयुष्य उचलायच्या यंत्रांच्या तपासणीत गेलं. आता बेलापुरात घरी असतो आणि दिसेल त्या गच्चीवरचं विंच न्याहाळतो. सवय.

तुझ्या बापाच्या बोटीवर कोणी दोन महिन्यांत सुकाण हातात दिलं असतं का रे? पोरगं बोटीवर चढतं तेव्हा भंडारी होतं, भात-कालवण रांधतं. मग खलाशी. मग जाळं कुठं फाटतं, पाणी कधी फिरतं, इंजिन कशानं खोकतं, हे कळायला वर्षं जातात. त्यानंतर कुठं सुकाण, आणि सगळ्यांत शेवटी तांडेल. बोट नाखव्याची, कर्ज नाखव्याचं, डिझेल नाखव्याचं. पण दर्यात गेल्यावर ‘मागं फिर’ हे तांडेल म्हणतो आणि बोट मागं फिरते. त्याबद्दल नाखवा पगार कापत नाही. ही शिडी तुमच्या घरात आहे. साइटवर मात्र हेल्पर आणि ऑपरेटर अशा दोनच पायऱ्या, आणि दोन्हींच्या मध्ये लाल बटन.

जमिनीवर कधी शिडी नव्हतीच, असं समजू नकोस. मुंबईच्या गोदीत जहाजाच्या डेरिकवर विंच चालवणारे होते. १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आणि त्यावरची १९५१ ची योजना यांनी रोज सकाळी दारात उभं राहून मुकादमाच्या मर्जीनं काम मिळवायची पद्धत मोडली. नोंदणी आली, आणि विंच ड्रायव्हर हा त्यातला वेगळा वर्ग झाला. दोन डेरिकची दोन विंचं जोडून एकच ओझं हॅचमधून काढायचं, तर एक दोर घेत असताना दुसरा त्याच मापानं सोडावा लागे. ते नव्या माणसाला कोणी करू देत नसे. ही शिडी काही आभाळातून पडली नव्हती, युनियननं भांडून घेतली होती. पुढं कंटेनर आले, १९८९ मध्ये खाडीपलीकडं न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, आणि जुन्या विंचची गरज सरली. ज्यांना फक्त लिव्हर येत होता त्यांचं कसब लिव्हरबरोबर गेलं. ज्यांना ओझं कळत होतं त्यांना कुठल्याही यंत्रावर काम होतं.

म्हणून ओझ्याकडं वळू. त्याआधी दोर.

उद्या कामाला लागण्याआधी विंच बंद करून, हातमोजा घालून, वायरवरून एक जुनी सुती चिंधी सावकाश फिरव. जिथं ती अडकेल तिथं थांब. तिथं तार तुटून तिचं टोक बाहेर आलंय. आता दोराच्या जाडीच्या आठपट लांबी मोज. तुझा दोर १२ मिलिमीटरचा असेल तर ९६ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या आसपास. तेवढ्यात तुटलेल्या तारा किती दिसतात? सहा पेडांचा, पेडाला १९ तारा असा दोर असेल तर एकूण ११४. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत मर्यादा एकूण तारांच्या दहा टक्क्यांची होती. म्हणजे बारावी तार दिसली की दोर उतरवायचा. आता कामगार संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलतील. चिंधी फिरवायची रीत बदलत नाही. चपटा झालेला, पीळ उकललेला किंवा गंजून आतून लाल भुकटी सांडणारा दोर असेल, तर मोजतही बसू नकोस.

दुसरी गोष्ट तुला बहुतेक कोणी सांगितली नसेल. ट्रॉली खालून निघते तेव्हा मोटर मजेत चालते, आणि गच्चीजवळ आली की कण्हायला लागते. तू म्हणत असशील, व्होल्टेज कमी आहे. असेलही. पण खाली असताना ड्रम जवळजवळ रिकामा असतो, आणि ओझं वर येतं तसे दोराचे थर एकावर एक चढून ड्रम जाड होतो. १५० मिलिमीटरचा ड्रम, १० मिलिमीटरचा दोर धर. पहिल्या थराला ३०० किलो ओढणारं विंच चौथ्या थराला साधारण २१८ किलोच ओढतं. ब्रेकचीही तीच गत. म्हणजे ओझं सगळ्यांत उंच असतं आणि तू ते आत घ्यायला वाकलेला असतोस, नेमकं तेव्हा यंत्र सगळ्यांत दुबळं असतं. पाटीवर लिहिलेली क्षमता कुठल्या थराची, हे विचार. उत्तर आलं नाही, तर मी दिलेल्या हिशेबानं ओझं कमी कर.

आणि इमारत वाढते, दोर वाढत नाही. बाराव्या मजल्याला पुरलेला दोर अठराव्याला हूक जमिनीला टेकताना ड्रमवरून संपत येतो. निदान दोन वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळं ओझं दोराच्या टोकाच्या चिमट्यावर येतं. विंचच्या मागं वजन म्हणून ठेवलेली वाळूची पोतीही रोज मोज. प्लास्टरवाले त्यातली वाळू नेतात. हसू नकोस, पाहिलंय.

यापुढची पायरी म्हणजे विंचवरून उतरून खाली उभं राहणं, आणि ती पोरांना कमीपणाची वाटते. स्लिंग बांधणारा आणि खूण करणारा माणूस ऑपरेटरपेक्षा खालचा, असा साइटवर समज आहे. माझ्या मते उलट असायला हवं. दोन टनांची तुळई दोन पायांच्या स्लिंगनं उचलताना पायांमधला कोन ६० अंशांचा असेल तर एकेका पायावर १.१५ टन येतात. आखूड स्लिंग ताणून तोच कोन १२० केलास तर प्रत्येक पायावर पुरते दोन टन. वर बसलेल्याला हे दिसत नाही, त्याला दोर तेवढा ताठ दिसतो. ‘आरिया, आरिया… बस’, म्हणजे ‘खाली सोड… बस’, असं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांवर वरचा माणूस भरवसा ठेवतो. खूण एकाचीच मानायची, फक्त ‘थांब’ कोणाचंही मानायचं. चहावाल्या पोराचंही.

आता तांडेलाची, म्हणजे ‘मागं फिर’ म्हणण्याची, गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात कामगार गेले. त्याच्या महिनाभर आधी शहापुरात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र पडलं, वीस माणसं गेली. कुठं काय चुकलं ते ठरवणारा मी नाही. पण अशी बातमी वाचली की मी एकच गोष्ट शोधतो: त्या दिवशी तिथं ‘आज नाही’ म्हणायचा हक्क कोणाला होता? १९४८ च्या कारखाना कायद्यानं उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची, दोरांची तपासणी दर बारा महिन्यांनी आणि हॉइस्ट-लिफ्टची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून करायला लावली होती. पण सक्षम व्यक्ती वर्षातून एक-दोनदा येते, दोर रोज झिजतो. मधले दिवस तुझे असतात.

म्हणून जो मुकादम होईल, फोरमन होईल, त्याच्यासाठी मी एवढंच मागतो. वारा सुटला, दोर दुखावला, ओझ्याचं वजन कोणाला ठाऊक नाही, अशा वेळी त्यानं काम थांबवलं तर स्लॅबची तारीख पुढं गेली म्हणून त्याची हजेरी कापली जाऊ नये. हे कंत्राटात लिहून घ्यावं लागेल. नुसत्या भल्या मनावर सोडलं तर पहिल्याच उशिराला ते विसरलं जातं. ठेकेदार म्हणतील, मग प्रत्येक जण कामचुकारपणा करील. दिवाळ्याच्या किती तांडेलांनी आळसापायी बोट मागं फिरवली, ते त्यांनी जेट्टीवर येऊन विचारावं. रिकामी बोट तांडेलालाही परवडत नाही, त्याचा वाटा मासळीतच असतो.

तुझं म्हणशील तर एक वही घे. रोज तारीख, दोर पाहिला का, ब्रेक लावून ओझं वीतभर उचलून धरलं का, कोणी काय बदललं, एवढं लिही आणि मुकादमाची सही घे. सही देत नसेल तर तेही लिही. यंत्रचालकांच्या कसबाला प्रमाणपत्र देणारी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे, आधीच काम शिकलेल्यांची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सरकारी सोयही आहे. तिथं वही कोणी मागणार नाही कदाचित, पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुझ्या वहीतच असतील. आणि उद्या तुझ्या हाताखाली नवा पोरगा आला, तर त्याला बटनं दाखवायच्या आधी महिनाभर नुसती चिंधी फिरवायला लाव. तो तुला शिव्या देईल. देऊ दे.

रविवारी घरी ये. येताना वायरच्या सर्टिफिकेटचा आणि विंचच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढून आण. सर्टिफिकेट नाहीच म्हणाले, तर मुकादमालाच घेऊन ये. चहा माझ्याकडं.

तुझा,
बेलापूरचा काका